आजार फडातला, उपचार दवाखान्यात

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे बीड जिल्ह्यात ओळखीचे आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्याने मात्र या गावाकडे, आसपासच्या वाड्या-तांड्यांकडे आणि गेवराईपासून धारूर-केजपर्यंतच्या साऱ्या कोरडवाहू पट्ट्याकडे आणखी एका कारणाने पाहायला हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातली हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. हंगामाचा पट्टा पडला की पाडव्याच्या आगेमागे परततात. मधले पाच-सहा महिने शरीरावर जे काही ओढवते, ते ही माणसे गावी घेऊन येतात. काम एका जिल्ह्यात, दुखणे दुसऱ्या जिल्ह्यात आणि या दोहोंचा संबंध सांगणारी नोंद कुठेच नाही, अशी ही स्थिती आहे. या प्रस्तावनेचे म्हणणे असे, की ऊसतोड कामगारांचे बरेचसे आजार हे कामाचे आजार आहेत. त्यांची कारणे कामाच्या रचनेत शोधावी लागतील आणि त्यांच्यापासून संरक्षणही तिथेच उभे करावे लागेल. दवाखान्याची गरज शेवटी लागते; आपण मात्र विचाराची सुरुवातही तिथूनच करतो आणि शेवटही तिथेच.

म्हणून आधी हे काम चालते कसे, ते पाहायला हवे. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि पुढच्या काही दशकांत पाण्याच्या प्रदेशात ऊस पसरत गेला. तो तोडायला हात लागले ते पाणी नसलेल्या प्रदेशातून. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट चांगलीच रुळली. इथे मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादम या जोडीला उचल देतो आणि ती उचल ऊस तोडून टनावारी फेडायची असते. दोघांपैकी एकाने जरी सुट्टी घेतली तरी खाडा पडतो, त्या दिवसाचे पैसे तर जातातच, वर दंडही कापला जातो. पहाटे अंधारात फडात उतरायचे, वाकून बुडख्यातून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. मुक्काम फडाजवळच्या कोपीत. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, प्यायचे पाणी मिळेल तिथून आणायचे. बाईच्या वाट्याला या सगळ्याच्या आधी आणि नंतर चूल, धुणे आणि लेकरे आहेतच. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर लगेच फडात जाणे इथे नवलाचे मानले जात नाही.

या कामाचा आरोग्याशी असलेला संबंध २०१९ साली अचानक सर्वांना दिसला, तो गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. वृत्तपत्रांतून बातम्या आल्यावर त्या वर्षीच्या जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत माहिती दिली, की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. या दोन आकड्यांची तुलना काळजीपूर्वक करायला हवी. दोन्ही पाहण्यांतल्या स्त्रियांचे वय आणि निवड सारखी नाही, त्यामुळे ‘पाचपट’ असे बेधडक म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण वयाच्या फरकाने एवढी तफावत पुसली जाईल, असे मानणेही कठीण आहे, कारण यांतल्या कितीतरी स्त्रियांची चाळिशीही उलटलेली नव्हती.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन स्पष्टीकरणे पुढे आली. पहिल्यानुसार दोष लोभी डॉक्टरांचा होता. दुसऱ्यानुसार तो बायकांच्या अज्ञानाचा होता. त्यांनीच ‘पिशवी काढून टाका’ असा आग्रह धरला, असे सांगितले गेले. दोन्हींत सत्याचा काही भाग आहे. कर्करोगाची भीती घालून केलेल्या शस्त्रक्रियांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले, ते योग्यच होते. देशात इतरत्र झालेल्या अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. तरीही बाई दवाखान्याच्या दारात येते तिथे कारणांची मालिका जवळजवळ संपलेली असते. लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, ओझे उचलून अंग बाहेर येणे, पाळीच्या दिवसांत स्वच्छ पाणी आणि आडोसा न मिळाल्याने होणारा जंतुसंसर्ग, हंगामभर अंगावर काढलेला रक्तस्राव. त्यातच दर महिन्याला दोन-तीन खाडे पडले तर उचल फिटत नाही, हा हिशेब. या हिशेबात गर्भाशय काढणे हा निर्णय तिच्या दृष्टीने असमंजस ठरत नाही. निवड तिची होती, असे म्हणणाऱ्यांनी तिच्यासमोर दुसरे कोणते पर्याय होते तेही सांगायला हवे. एक वेदना संपवायला गेलेल्या बाईच्या वाट्याला पुढे दुसरी येते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती ओढवते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि पुढच्या हंगामात तीच मोळी तिच्या डोक्यावर असते.

कामातून आजार येतो, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ या प्रश्नाची भर घालायला सांगितले. तीनशे वर्षांनंतरही बहुतेक केसपेपरवर या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात उरकले जाते. ऊसतोडीला जाणारी बाई तिथे ‘गृहिणी’ असते किंवा फार तर ‘मजूर’. तिने किती हंगाम काढले, मोळी केवढी असते, शेवटचा हंगाम कधी संपला, हे कुणी लिहीत नाही. विचारले तर काय कळते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ आठ टक्के. गावात जाऊन, विश्वास मिळवून तपासल्याशिवाय हा आजार दिसणारच नव्हता.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. गडचिरोलीच्या त्या स्त्रिया ऊस तोडत नव्हत्या. मग स्त्रियांच्या आजारांचे कारण ऊसतोड आहे की दारिद्र्य, बालविवाह आणि कोलमडलेली सरकारी आरोग्यसेवा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. ते अभ्यासाच्या रचनेतूनच मिळू शकते. एकाच गावातल्या, एकाच थरातल्या, सारख्या वयाच्या पण तोडीला न जाणाऱ्या स्त्रियांशी तुलना करायची. तोडीला जाणाऱ्यांमध्ये हंगामांची संख्या वाढते तसा त्रास वाढतो का, तेही पाहायचे. त्याच व्यक्तींची तपासणी दसऱ्याआधी आणि परतल्यावर, अशी दोनदा करायची. हे काम फडावर जाऊन होणार नाही, कारण फडावर जी माणसे दिसतात ती टिकून राहिलेली असतात. ज्यांची कंबर गेली, ज्यांचे अंग बाहेर आले, ज्यांना दम लागतो, ती आधीच गळून गावी बसलेली असतात. केवळ फडातले लोक मोजले तर काम निरुपद्रवी असल्याचा भास होतो. कामगारांच्या आरोग्याचे सर्वेक्षण नेहमी या चकव्यात सापडते. म्हणून तलवाड्यासारख्या गावाचे महत्त्व मोठे आहे. तोडीला जाणारे, जाऊन थकलेले आणि कधीच न गेलेले असे तिघेही उन्हाळ्यात तिथे एकत्र असतात. अशा गावातून मिळणारे उत्तर साखर कारखान्याच्या परिसरात मिळणार नाही.

गर्भाशयाच्या प्रश्नाने जगाचे लक्ष वेधले, पण तो एकटा नाही. पुरुषांसह सगळ्यांच्या कंबरेची, मानेची, गुडघ्यांची झीज आहे. कोयत्याचे वार आहेत, घोणस-मण्यारीचे दंश आहेत, रात्री ट्रॉलीखाली सापडण्याचे अपघात आहेत. आणि फारसे न बोलले गेलेले संकट आहे ते उन्हाचे. मध्य अमेरिकेत, विशेषतः एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या किनारपट्टीवर, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष कडक उन्हातली अतिश्रमाची कामे आणि शरीरातले पाणी कमी होणे याकडे गेले. एल साल्वादोरमधील एका कारखान्याच्या फडांवर २०१४-१५च्या हंगामात एक प्रयोग झाला: हलवता येणारी सावली, पाठीवर वाहून नेता येणारे पाणी, ठरलेल्या विश्रांती आणि सुधारलेला कोयता. कामगारांचे पाणी पिणे वाढले, उष्णतेची लक्षणे कमी झाली, आणि एका गटात दरडोई रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. हा निकाल जसाच्या तसा बीडवर लावता येणार नाही. तो छोटा प्रयोग होता, हवा वेगळी, तोडीची पद्धत वेगळी. आपला हंगाम थंडीत सुरू होतो. खरी होरपळ फेब्रुवारीनंतर. पण हंगामाच्या आधी आणि नंतर मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन मोजण्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. ती मोजणी इथे का होऊ नये, याला सबळ कारण सापडत नाही.

या प्रयोगातून घ्यायचा धडा मात्र नीट समजून घ्यायला हवा. कामगारांना ‘भरपूर पाणी प्या, मध्ये मध्ये विसावा घ्या’ असे सांगणे म्हणजे संरक्षण, असा समज सरकारी पत्रकांतून पसरतो. टनावर मजुरी मिळते तेव्हा विश्रांतीची किंमत कामगारच मोजतो. संडास नसलेल्या फडात बाई मुद्दाम पाणी कमी पिते, कारण दिवसाउजेडी जायला आडोसा नसतो. म्हणजे संडास नसण्याचा संबंध लघवीच्या जंतुसंसर्गाशी आहे, तसाच तो मूत्रपिंडाशीही असू शकतो. कामगारांच्या आरोग्याच्या शास्त्रात म्हणूनच उपायांची उतरंड मानतात. धोका मुळातून काढणे पहिले, कामाची पद्धत बदलणे त्यानंतर, आणि माणसाला सावध राहायला सांगणे सर्वांत शेवटी. मोळीचे वजन कमी करणे, गाडीत भरायला यंत्र देणे, रात्रीची भरणी थांबवणे, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या काळातला खाडा रद्द करणे, हे पहिल्या पायऱ्यांवरचे उपाय आहेत. आपण थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो आणि मग कामगार ऐकत नाहीत अशी तक्रार करतो.

मूळ धोका काढतानाही सावध राहावे लागते, हे ऊसतोडीच्याच इतिहासातून शिकता येते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमध्ये १९३०च्या दशकात ऊसतोड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मुतातून हा रोग पसरतो, हे संशोधनाने दाखवले. कामगारांनी तोडीआधी फड जाळण्याची मागणी केली, त्यासाठी संप झाले आणि जाळण्याची पद्धत रूढ झाली. संशोधन आणि संघटना एकत्र आल्या की बदल होतो, याचा हा पुरावा आहे. पण जाळलेल्या फडाचा धूर आणि काजळीही शेवटी छातीतच जाते. म्हणून संरक्षणाचा कुठलाही उपाय लागू केल्यावर त्याचे परिणाम पुन्हा मोजणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पिण्याचे पाणी, संडास, न्हाणी, पाळणाघर यांची तरतूद होती. त्याचे चौतिसावे कलम अतिजड ओझ्याला मर्यादा घालू देत असे. कामामुळे होणाऱ्या, कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांची यादी त्याला जोडलेली होती. उसाच्या चिपाडाच्या कुजक्या धुळीने होणारा बगॅसोसिस हा फुप्फुसाचा विकार कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातील कामाच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे कारखान्याच्या फाटकाच्या आत उसाने माणूस आजारी पडला तर कायदा त्याची दखल घेतो. फाटकाबाहेर तोच ऊस तोडताना कोणी आजारी पडले तर ते त्या व्यक्तीचे नशीब ठरते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९चा कायदाही इथे तोकडा पडला. गेवराईहून बेळगावला गेलेला कामगार त्याच्या व्याख्येत बसू शकत होता, कोल्हापूरला गेलेला बसत नव्हता. आणि मुळात कामगार कुणाचा, या प्रश्नावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम वाहतूकदाराकडे. मात्र तोडीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो, त्याचा कर्मचारी (चिटबॉय) फडावर उभा असतो आणि ऊस कारखान्याच्याच काट्यावर तोलला जातो. कामावर ज्याचा ताबा, आरोग्याची जबाबदारीही त्याचीच, हे तत्त्व मानले तर हा प्रश्न अवघड राहत नाही.

नेमका मालक नसलेल्या कामगारांना संरक्षण देता येत नाही, हा आक्षेप महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरवला आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने रोज वेगळ्या व्यापाऱ्याचे ओझे उचलणाऱ्या हमालांसाठी मंडळे उभी केली, मालकांकडून लेव्ही घेतली आणि त्यातून वैद्यकीय सुविधाही दिल्या. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आता आहे. त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढेच शासनाकडून, असे सूत्र ठरले. पैशाचा मार्ग आखला गेला आहे. त्यातला ठरावीक वाटा आरोग्याच्या नियमित नोंदीसाठी आणि संशोधनासाठी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. कारखान्यांना हा खर्च झेपणार नाही, असे म्हटले जाईल. तो खर्च आजही होतोच. फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात न दिसता तोडणाऱ्या कुटुंबाच्या दवाखान्याच्या बिलात आणि त्यासाठी घेतलेल्या पुढच्या उचलीत दिसतो.

आणखी दोन आक्षेपांचा विचार करायला हवा. ऊसतोडणी यंत्रे आल्यावर हा प्रश्न आपोआप मिटेल, असे काहीजण म्हणतात. यंत्रे येत आहेत आणि यावीत. पण लहान, तुकड्यातुकड्यांच्या शेतांत ती सहज फिरत नाहीत, त्यांची किंमतही मोठी आहे, आणि ती सगळीकडे पोचेपर्यंत कित्येक हंगाम जातील. त्या काळात झिजणारी शरीरे यंत्र आल्यावर पूर्ववत होणार नाहीत. दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे: पाहण्या खूप झाल्या, आता कृती करा. या आक्षेपामागचा संताप समजण्यासारखा आहे. पाणी, संडास, खाड्याचा दंड आणि मोळीचे वजन यांसाठी आणखी एकाही पाहणीची वाट पाहायची गरज नाही. तेवढा पुरावा आज हाती आहे. संशोधन हवे ते पुढच्या गोष्टींसाठी: केलेल्या उपायाने खरेच फरक पडला का, कोणता आजार अजून नजरेआड आहे आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात काम आणि आजार यांचा संबंध कसा सिद्ध करायचा. १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हा हक्क बजावायला पुरावा लागतो, आणि पुरावा नोंदीतून तयार होतो.

हे काम करायचे कुणी? अहमदाबादला १९६६ पासून राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आहे. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात आशाताई आहेत, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या प्रयोगशाळेशिवाय संशोधन होत नाही, ही समजूत मराठवाड्यानेच खोडली आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावात वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या सरकारी दवाखान्यात विंचूदंशाच्या रुग्णांची एकेक नोंद ठेवली आणि त्यातून प्राझोसिनचा जो उपचार पुढे आला, त्याने असंख्य जीव वाचले. नेमका प्रश्न, चिकाटीची नोंद आणि रुग्णाविषयी आस्था एवढे त्यांच्याजवळ होते. ऊसतोडीच्या बाबतीत त्यात एका गोष्टीची भर हवी: ज्यांच्या शरीराचा अभ्यास होतो, त्यांची संमती आणि निष्कर्षांवरचा त्यांचा पहिला हक्क. तपासणीचा निकाल आधी त्या बाईला तिच्या भाषेत समजावला जावा, मग तो अहवालात जावा. तिची माहिती मुकादमाच्या हाती लागून पुढच्या हंगामात तिला काम नाकारले जाणार नाही, याचीही हमी हवी.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने प्रत्येक आजारापुढे एकच प्रश्न ठेवावा: हे दुखणे टाळण्यासाठी कामात काय बदलता आले असते, आणि तो बदल करण्याचा अधिकार कुणाच्या हातात होता? हा प्रश्न विचारला की रुग्णाला दोष देण्याची सवय सुटते आणि जबाबदारीची नावे ठरू लागतात. महाराष्ट्राने साखरेचा प्रत्येक टन, उताऱ्याचा प्रत्येक दशांश, गाळपाचा प्रत्येक दिवस काटेकोर मोजला आहे. तेवढ्याच काटेकोरपणे तो ऊस तोडणाऱ्यांचे आरोग्य मोजणे या राज्याला सहज शक्य आहे. शक्य असून ते केले नाही, तर ती उपेक्षाही आपण जाणूनबुजून केलेली ठरेल. कारखान्याला गाळप परवाना देताना मागच्या हंगामातल्या तोडणी कामगारांच्या आरोग्याचा अहवाल मागण्यापासून सुरुवात करता येईल, आणि ती पुढच्या हंगामापासूनच व्हायला हवी.